समुद्र नसलेला जिल्हा

गनीभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, करामा भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसले होते, आणि खरं सांगायचं तर मी त्या बातमीवर आधी विश्वासच ठेवला नाही. फोन शबानाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा, शारजाहून. "खाला, बाबा गेले," एवढंच बोलली. मी ओल्या हातानं रिसीव्हर धरून विचारलं, डॉक्टरनं नीट तपासलं का, कोणता डॉक्टर होता, घाईत तर नव्हता? माझी नात, जिला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, माझ्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली. पण चौकशी करायला मला कारण होतं. या माणसाच्या जनाज्याची नमाज एकदा आधीच झालेली होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची तार गावी आली की गनी बेपत्ता आहे. कैदेत असल्याचं त्याचं कार्ड वाटेत कुठेतरी हरवलं. त्याच्या आईनं वर्षभर वाट पाहिली, मग मय्यत नसतानाच मशिदीत नमाज पढवून घेतली, गावजेवण घातलं, आणि युद्ध संपल्यावर हा इसम दाभोळच्या धक्क्यावर उतरून पाठीवर पोतडी घेऊन चालत घरी आला. स्वतःच्या फातेहाच्या जेवणाला कोण कोण आलं होतं याची यादी त्यांनी नंतर आईकडून तोंडपाठ करून घेतली होती आणि न आलेल्यांना ते रस्त्यात अडवून कारण विचारत. तेव्हा असा माणूस गेला म्हटल्यावर मी चौकशी केली, यात माझं काय चुकलं? या खेपेला मात्र बातमी खरी होती. पंच्याऐंशीच्या घरात होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत… चाळिसावा झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि आता मला लिहावंसं वाटतंय. कारण गनीभाई माझ्या बहिणीचे नवरे झाले ते मी आडवी येऊनही झाले, ही गोष्ट घरात तिघांनाच माहीत होती. म्हणजे निदान माझी तशी समजूत होती.

साठच्या दशकात मी लग्न होऊन दुबईला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तेव्हाची मी आज कुठे भेटले तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. मुंबईहून बोटीनं निघालो, कराची, मस्कत करत इथे पोहोचलो, आणि बोट समुद्रातच उभी राहिली, कारण तिला लागायला बंदरच नव्हतं. शिडीवरून खाली होडीत उतरताना मी रडले, आणि त्यातही माझा संशय असा की आमच्या ह्यांनी दुबई म्हणून मला दुसरीकडेच कुठेतरी आणलंय. हे, म्हणजे माझे मिस्टर युसूफ, एका शिपिंग एजंटकडे कारकून. बर दुबई भागात खाडीच्या कडेला वरच्या मजल्यावर आमची एक खोली, खाली गाढवावरून गोड्या पाण्याचे डबे यायचे. मला वाटायचं, पाणीवाला डब्यात खालून खारं पाणी मिसळतो. मी प्रत्येक डबा चाखून घ्यायचे. तो बिचारा मला बघितलं की लांबूनच "यल्ला, चाख बाई" असं म्हणून डबा पुढे करायचा. अशा मुलीवर माझ्या आईनं काय जबाबदारी टाकावी? बहिणीसाठी माणूस पारखायची.

झुलेखाआपा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा जहाजावर खलाशी होता, परत आला नाही. आमच्या दाभोळच्या खाडीकाठच्या गावांतून विधवेचं दुसरं लग्न होतं, त्यात काही गैर नाही, पण जी स्थळं येतात त्यांना सहसा बायको नको असते, पोरं सांभाळायला कोणीतरी हवं असतं. तसंच एक आलं होतं. गावातला दुकानदार, पाच मुलं, वर त्याची म्हातारी अंथरुणाला खिळलेली. आमची अम्मा त्याला होकार द्यायच्या बेतात होती. तेवढ्यात कोणीतरी शारजातल्या गनीभाईंचं नाव सुचवलं. वय बेचाळीस, अजून बिनलग्नाचा, इंग्रजांच्या लष्करी गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, हात चांगला, नमाजी. अम्मानं मला लिहून कळवलं, की तू तिथे आहेस, नीट बघ, खालीवर बघ, रमजानच्या आधी मला कळव. तू हो म्हणालीस तर हा, नाही म्हणालीस तर दुकानदार. अम्माला लिहिता वाचता येत नव्हतं, तिचं पत्र आपाच्याच अक्षरात होतं. या गोष्टीचा मी तेव्हा विचार केला असता तर बरं झालं असतं.

गनीभाई दर जुम्याला नमाजेनंतर शारजाहून यायचे आणि आमच्याकडे जेवायचे. मी पडद्याच्या आत बसून कान लावायचे. पहिल्याच जुम्याला माझा संशय जागा झाला. साधारण कोकणातला माणूस परदेशातल्या गप्पा मारतो तेव्हा बंदरांच्या मारतो, बोटींच्या मारतो. हा माणूस बोलायला लागला तो इटलीतल्या एका जिल्ह्याबद्दल. लाक्विला नावाचा जिल्हा. लिबियाच्या वाळवंटात तो मोटार चालवताना पकडला गेला आणि तिथून त्याला या जिल्ह्यात कैदी म्हणून नेलं, इथवर ठीक होतं. पण कैदी झालेला माणूस त्या मुलखाला शिव्या घालील की नाही? गनीभाई तर त्याची तारीफ करत होते. चटईवर खजुराच्या बिया मांडून नकाशा काढायचे. ही सगळ्यात मोठी बी म्हणजे ग्रान सास्सो, मोठा डोंगर, उन्हाळ्यातही डोक्यावर बर्फ. इथे मुख्य शहर. इथे खाली आव्हेझ्झानो, जिथे आमची छावणी होती. आणि चहूकडे डोंगरच डोंगर, "या जिल्ह्याला समुद्र नाही, युसूफ. आजूबाजूच्यांना आहे, यालाच नाही." गनीभाई हे असं म्हणायचे की जणू त्या जिल्ह्याची कीव करायची सोडून त्याला शाबासकी द्यायला हवी. पडद्याआड मी मनाशी म्हटलं, कोकणी माणूस समुद्र नसलेल्या जिल्ह्याची तारीफ करतो, म्हणजे तिथे बाई असणार.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. गनीभाई सांगायचे, त्या आव्हेझ्झानोजवळ पूर्वी एक प्रचंड तळं होतं, फुचिनो त्याचं नाव. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बादशहानं डोंगर फोडून बोगदा खणला आणि त्याचं पाणी काढायचा प्रयत्न केला, हजारो गुलाम त्यात राबले, तरी तळं पुरतं हटलं नाही. मग कितीतरी शतकांनी एका जमीनदारानं तोच बोगदा मोठा करून ते कोरडं केलं. "मी त्या तळ्याच्या तळाशी बटाटे काढलेत," ते म्हणायचे, "कैद्यांना शेतावर न्यायचे ना." मी ह्यांच्या ऑफिसातला ॲटलास मागवून घेतला. इटली सापडली, लाक्विला सापडलं, तळं नव्हतं. मी ह्यांना बोट ठेवून दाखवलं, की बघा, तळंच नाही. हे म्हणाले, "अगं, तो तेच सांगतोय, की तळं नाही." मला हे पटलं नाही. जे नाही ते होतं म्हणून सांगणं मला फार सोयीचं वाटलं.

त्याच्या पुढच्या जुम्याला भूकंप आला. गनीभाईंच्या गोष्टीत, म्हणजे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी थंडीतल्या एका सकाळी ते आव्हेझ्झानो शहर अर्ध्या मिनिटात झोपलं, आणि लोक सांगतात, एकच घर उभं राहिलं. मी विचारलं, पडद्याआडूनच, की मग शहरातले सगळे गेले तर ते एक घर उभं होतं हे सांगायला कोण राहिलं? आमचे हे हसले. गनीभाई हसले नाहीत, म्हणाले, "जे डोंगरावर मेंढ्या घेऊन गेले होते ते." आणि मेंढ्यांचं एक वेगळंच पुराण. हिवाळा आला की लाखो मेंढ्या डोंगरातून दक्षिणेच्या मैदानात चालत जायच्या, आणि त्यांच्यासाठी गवताचा रस्ता राखलेला असायचा, एवढा रुंद की त्याच्या दोन टोकांना उभे राहून दोन माणसं बोलू शकणार नाहीत. जुने राजे त्या रस्त्यावर जकात घ्यायचे. रस्ता, तोही गवताचा. त्या काळी दुबईत माणसांना धड रस्ता नव्हता आणि हा मनुष्य मेंढ्यांना राजरस्ता देत होता.

पण माझी खात्री पटली ती नव्याण्णवनं. मुख्य शहराची गोष्ट अशी, की डोंगरातल्या नव्याण्णव गावांनी एकत्र येऊन ते वसवलं, म्हणून तिथे एक नळ आहे त्याला नव्याण्णव तोट्या, प्रत्येक तोटीला दगडी तोंड, आणि संध्याकाळी तिथली घंटा नव्याण्णव टोल देते. नव्याण्णव. आमच्या तसबीचे मणी नव्याण्णव, अल्लाची नावं नव्याण्णव, आणि या ख्रिस्ती शहराच्या तोट्याही नव्याण्णव? मी ह्यांना म्हटलं, गनीभाईंनी खिशातली तसबी काढून तिचं शहर केलंय. हे म्हणाले, विचारून बघ. विचारणार कशी? होणाऱ्या दुल्ह्याला, तोही परका, मी थेट काय विचारणार, तुमची तिकडे बायको आहे का? हे विचारणार नाहीत, त्यांना लाज वाटते. मग उरतो तो मार्ग एकच, माणसाला बोलू द्यायचं आणि तो कुठे घसरतो ते बघायचं. मला तेव्हा वाटायचं मी फार हुशार आहे. केशराचं फूल कुठल्या रंगाचं, असं मी एकदा वळसा घालून विचारलं, कारण ते सांगत की तिकडे केशर पिकतं. ते म्हणाले जांभळं. मी मनात टिपून ठेवलं, आणखी एक थाप. केशराचं फूल केशरीच असणार, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि केशर काश्मीरला पिकतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

तर ते केशर एका जुम्याला माझ्या चटईवर येऊन पडलं. गनीभाई जेवून हात धुऊन बसले आणि झब्ब्याच्या खिशातून एक लहानसं गाठोडं काढून पडद्याखालून माझ्याकडे सरकवत म्हणाले, कात्री आहे का, तिकडून केशर आलंय, दरवर्षी येतं, यातलं थोडं ठेव, बिर्याणीत घाल. गाठोडं पांढऱ्या जाड कापडाचं, चारी बाजूंनी हातानं शिवलेलं, वर परक्या लिपीत पत्ता. आणि शिवण लाल दोऱ्याची.

आता हे समजायला आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या खाडीकाठची माणसं जहाजावर आणि आखातात पांगलेली, आणि मागच्या बायका त्यांना सुकी मासळी, लोणचं, घावन-पिठी काय काय कापडात शिवून पाठवतात. नेणारा गावचाच कोणी, बहुतेक अडाणी, एकाच वेळी दहा घरांची गाठोडी त्याच्याकडे. त्याला कळावं म्हणून दोरा ठरलेला. मुलासाठी आई शिवते ते पांढऱ्या दोऱ्यानं. जावयासाठी सासू शिवते ते लाल दोऱ्यानं. म्हणजे आखातातल्या खोलीत दहा जण राहत असले तरी कोणाचं लग्न झालंय आणि कोणाचं नाही ते गाठोडी बघून सांगता यायचं. लहानपणापासून मी हेच बघत आले. माझ्या हातात कात्री होती आणि समोर लाल शिवण. हा माणूस कुठल्या तरी घरचा जावई आहे, आणि त्याची सासू त्याला दरवर्षी न चुकता केशर पाठवते. मी गाठोडं उसवलं, केशर डबीत काढलं, पडद्याबाहेर खिरीची वाटी सरकवली, आणि ते गेल्यावर बसून अम्माला पत्र लिहिलं.

पत्र चार पानी होतं. तळं, भूकंप, मेंढ्या, तोट्या, जांभळं फूल, सगळं नंबर घालून लिहिलं, आणि शेवटी लाल दोरा. या माणसाची तिकडे बायको आहे, नकार कळवावा. वरती सगळ्यात पहिली ओळ अशी, की आपाला यातलं काही कळू देऊ नये, तिला उगीच दुःख होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या हाती पत्र टाकायला दिलं, बोटीची डाक गेली. आणि संध्याकाळी भाकरी थापताना मला आठवलं, की घरात पत्र वाचता येतं ते एकट्या आपाला. अम्मा पत्र मांडीवर ठेवणार, बाजूला आपाला बसवणार, आणि म्हणणार, वाच गं मोठ्यानं. हे सुचलं तेव्हा माझी भाकरी तव्यावर जळाली होती. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आता खलास, गेली बोट.

दहा-बारा दिवसांनी ईद आली. बकरीद नव्हे, रजब महिन्यात इथे काही सुट्टी होती असं आठवतं. ईद म्हणून मी उगीच लिहून गेले, कारण रमजान अजून यायचा होता. ते काहीही असो. गनीभाईंना फुजैराकडे एक बंद पडलेली लॉरी बघायला जायचं होतं, सोबत म्हणून हे निघाले, आणि मी हट्ट करून मागच्या सीटवर बसले. ह्यांना वाटलं मला समुद्राची पलीकडची बाजू बघायची आहे. मला आणखी पुरावा हवा होता, कारण पत्र टाकल्यापासून माझं मन मला खात नव्हतं असं नाही. फुजैराला तेव्हा रस्ता नव्हता. कोरड्या ओढ्यातून, गोट्यांवरून लँडरोव्हर उड्या मारत जायची, दोन्ही बाजूंना तांबडेकाळे उघडे डोंगर. एका वळणावर इंजिन तापलं म्हणून थांबलो. वर दगडांचं एक खोपट, चार शेळ्या, आणि तिथून एक म्हातारी, तोंडावर बुरखा, हातात पितळी वाडगा, खाली आमच्याकडे आली. ताक होतं. कोण, कुठले, काही न विचारता तिनं वाडगा पुढे केला, आणि आम्ही तिघांनी प्यायल्याशिवाय हलली नाही. गनीभाई वाडगा परत देताना तिच्यापुढे एवढे वाकले की मला आश्चर्य वाटलं. मग एका दगडावर बसून ती वर चढून जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

मला राहवलं नाही. पडदा नव्हता, कोणी मोठं नव्हतं, ह्यांचं लक्ष इंजिनात. मी विचारलं, "गनीभाई, तुम्हाला केशर पाठवते ती कोण?"

ते म्हणाले, "फिलोमेना. का गं?"

आणि त्यांनी सांगितलं, आढेवेढे न घेता, की जणू कोणी कधी विचारतं का याचीच वाट बघत होते. इटलीनं युद्धातून अंग काढलं त्या दिवशी छावणीचे पहारेकरी पळाले, आणि जर्मन यायच्या आत कैदीही. ते एकटेच डोंगरात चालत सुटले. पाचव्या की सहाव्या दिवशी एका गावाबाहेर मेंढवाड्यात झोपलेले सापडले ते या बाईला. तेव्हाच पंचावन्नची होती. भूकंपात नवरा गेलेला, एकुलता मुलगा रशियाच्या लढाईत गेलेला, त्याचं पत्र येणं बंद झालेलं. तिनं त्यांना मुलाचा कोट घातला आणि ठेवून घेतलं. पुढे ऑक्टोबर लागला, केशराची फुलं खुडायची पहाटे, उमलायच्या आत, ती त्यांनी तिच्याबरोबर खुडली. त्याच मेंढवाड्यात एक शाळामास्तर लपलेला होता, सरकारविरुद्ध काही बोलला म्हणून. "सहा महिने बर्फ," गनीभाई म्हणाले, "मास्तरला करायला काही नाही. शिकवणं सोडून त्याला काय येतं? त्यानं वर्ग घेतला. वर्गात मी एकटा. बादशहाचा बोगदा, नव्याण्णव गावं, मेंढ्यांची जकात, सगळं त्याच्याकडून. चुकलं की परत म्हणायला लावायचा."

एकदा जर्मन शिपाई वाड्यापर्यंत आले. अंगणात गनीभाई उभे, काळेसावळे, लपायला वेळ नाही. असा माणूस घरात सापडला तर त्या काळी घर जाळायचे आणि घरच्यांना भिंतीला उभं करायचे. फिलोमेना घरातून आली ती तरातरा चालत गेली आणि शिपायांसमोर गनीभाईंच्या थोबाडीत मारली. एवढी जोरात की ओठ फुटला. मग शिपायांकडे वळून ओरडली, की हा माझा मुका पुतण्या, मेंढी हरवून आलाय, तुम्हाला लागत असेल तर घेऊन जा याला. शिपाई हसले आणि गेले. "त्यानंतर ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली," ते म्हणाले, "आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या कोटाची बटणं उसवून परत शिवत राहिली. मी चुलीपाशी बसून तेच बघत होतो."

मी हळूच विचारलं, की मग लाल दोरा? ते म्हणाले, तिकडच्या बायका लाल दोरा नजरेला बांधतात, बाळाच्या पाळण्याला, मेंढीच्या गळ्याला. समुद्रापलीकडे जाणाऱ्या वस्तूला नजर लागू नये म्हणून ती लालच वापरते. मग माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना आमची रीत ठाऊक होती, तेही त्याच खाडीचे. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी. पण ते उठले, इंजिनवर हात ठेवून बघितला आणि म्हणाले, "निवालं. चला."

उरलेल्या वाटेत मी डोंगर बघितले नाहीत, पलीकडचा समुद्रही बघितला नाही. मला दिसत होता आमच्या घरचा ओटा, अम्मा, आणि माझं पत्र मोठ्यानं वाचणारी आपा. माझ्या शहाणपणानं तिला पाच पोरांच्या घरात लोटली होती. परत आल्याबरोबर मी ह्यांच्या मागे लागले, तार करा. हे म्हणाले, तार गावात पोस्टमास्तर आधी सगळ्या बाजाराला वाचून दाखवतो, तेव्हा शब्द जपून. बराच खल करून तार गेली, की पहिल्या पत्राकडे लक्ष देऊ नये, मुलगा पसंत आहे. पंधरा दिवस मी धड जेवले नाही. पाणीवाल्याचे डबे न चाखता घेतले, तर तोच घाबरला, विचारायला लागला, तब्येत बरी आहे ना.

मग अम्माचं पत्र आलं, आपाच्या सुंदर अक्षरात. अम्मा लिहीत होती की तुझी तार कळली नाही. तू कुठल्या पहिल्या पत्राबद्दल म्हणतेस? तुझं एकच पत्र मिळालं आणि त्यातही मुलगा पसंत आहे असंच होतं, चार पानं भरून तारीफ होती. आम्ही दुकानदाराला नाही कळवलं. निकाहाचं रमजाननंतर ठरवतो. इन्शाल्ला तुम्ही दोघं या.

आनंद व्हायला हवा होता. मला आधी संशय आला. ह्यांनी पत्र टाकलंच नाही, दुसरं लिहून टाकलं? पोस्टात कोणी बदललं? ह्यांनी कुराणाची शपथ घ्यायची तयारी दाखवली तेव्हा मी गप्प बसले.

निकाहाला आम्ही गावी गेलो. हळदीच्या दिवशी आपाला मी एकटीला गाठली, विहिरीमागे, आणि विचारलं. ती मेंदीचे हात वर धरून उभी होती.

"पहिल्याच ओळीत तू लिहिलं होतंस, आपाला यातलं काही कळू देऊ नये," ती म्हणाली. "मग मी नाही कळू दिलं. अम्मासमोर बसले होते, पान हातात, वाचायला तर हवंच. तुझी तळी आणि मेंढ्या सगळं वाचलं, फक्त 'थाप मारतो' तिथे 'किती माहिती आहे बघा' असं वाचत गेले. शेवटी पसंत आहे म्हणाले."

मी म्हटलं, पण आपा, लाल दोरा वाचलास ना तू? तेव्हा तर आपल्याला काहीच माहीत नव्हतं. खरंच बायको असती तर?

"सकू, तू बावळट आहेस," ती म्हणाली. "लपवायचं असतं तर तो गाठोडं तुझ्याकडे उसवायला घेऊन आला असता का? खाडीकाठचा माणूस, लाल दोरा त्याला कळत नाही? आणि माझा पहिला नवरा बुडाला, तेव्हापासून जो येतो तो मला समुद्राच्या गोष्टी सांगतो. हा पहिलाच, ज्याच्या चार पानांत समुद्र नव्हता."

 मी तिला फक्त एवढी शपथ घातली, की त्या पत्राबद्दल गनीभाईंना कधीही सांगायचं नाही. तिनं मेंदीचा हात माझ्या डोक्यावर ठेवायला नको म्हणून कोपर ठेवलं आणि हो म्हणाली.

त्यांचा संसार चांगला झाला. चाळीस वर्षं. भांडणंही पुष्कळ झाली, कारण दुल्हेभाई, लग्नानंतर गनीभाईंना मी असंच म्हणायचे, कोणत्याही गोष्टीला तिकडच्या जिल्ह्याचा दाखला द्यायचे. केशर आणखी सहा वर्षं आलं, मग एका वर्षी तिथल्या पाद्र्याचं पत्र आलं. त्या दिवशी दुल्हेभाईंनी शारजाच्या मशिदीत जाऊन तिच्यासाठी जनाज्याची नमाज पढली, मय्यत नसताना. इमामाला काय सांगितलं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. आणि मी? माझ्या पोटात ते पत्र तसंच राहिलं. मला सतत वाटायचं, यांना कळलंय की नाही? एखाद्या जुम्याला ते माझ्याकडे बघून उगीच हसले की मला घाम फुटायचा. त्यावर मी उपाय शोधला तो असा, की जेव्हा जेव्हा ते माझ्याकडे जेवत, सुरमईची, जिला इथले लोक कनाद म्हणतात, मधली जाड तुकडी मी त्यांच्या ताटात वाढायचे. आमचे हे जिवंत होते तोवर त्यांनाही कधी मिळाली नाही. मुलांनाही नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, ते मोठे आहेत.

चाळिसाव्यानंतरच्या जुम्याला मी शारजाला आपाकडे गेले होते. शबाना कामाला, नातवंडं शाळेत, घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या. मी सुरमईचं कालवण केलं. दस्तरखान घातलं, वाढायला बसले, आणि हातानं आपोआप मधली तुकडी उचलली. चमचा हवेत आणि समोर त्यांचं ताट नाही…

आपा बघत होती. म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

मी विचारलं, काय?

"पत्र. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी सांगितलं. हसून हसून लोटपोट झाले. मग म्हणाले, सकीनाला कळू देऊ नकोस की मला कळलंय. तिला कळलं तर मधली तुकडी युसूफच्या ताटात जाईल."

चाळीस वर्षं. मी हिशेब करायला लागले आणि सोडून दिला. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं होतं की कशाचं, माझं मलाच सांगता येत नाही. चमचा तसाच धरून मी बसले होते, रस्सा थेंब थेंब दस्तरखानावर पडत होता. आपानं आपलं ताट पुढे सरकवलं.

"आण इकडे," ती म्हणाली. "पत्र वाचलं होतं मी."

मी वाढली. शेपटीकडची माझ्या ताटात घेतली. दोघी जेवायला लागलो, आणि काटे काढता काढता माझ्या मनात आलं, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तर मधली तुकडी वाढायला मी सुरुवातही केली नव्हती, मग हे खरंच घडलं होतं, की या बाईला इतकी वर्षं ती तुकडीच हवी होती? आणि आता विचारायचं तरी कोणाला…